मधली गल्ली वगळून

"एवढ्या लांबून आलो, चपला झिजवल्या, आणि एक ज्यू म्हणून दृष्टीस पडला नाही रे, अत्तीलियो!"

ही कुरकुर एल्विराच्या कानापासून वीतभर अंतरावर झाली. एल्विरा दोन्ही हातांत अंड्यांचे ट्रे घेऊन स्वतःच्याच दाराशी अडकून पडली होती. रोममधल्या त्या जुन्या वस्तीतली ती गल्ली अशी, की दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावी लागते. आणि तीत त्या सकाळी पंचवीसेक पर्यटक उभे होते. पुढे छत्री उंच धरून एक पोरगेला गाइड सांगत होता, "या घरांतून ज्यू लोक राहत असत. ते एकमेकांना धरून असत. खाण्यापिण्याचे ते फार शौकीन असत."

असत! तिसऱ्या मजल्यावर एल्विराचा नवरा लेल्लो त्या घटकेला बनियनवर बसून कॉफीत बिस्किट बुडवत होता, आणि खाली त्याला इतिहासजमा करून टाकलं होतं.

"सिन्योरा," एल्विरा म्हणाली, "तुम्ही पायावर उभ्या आहात."

"कुणाच्या?"

"तुम्हाला न दिसलेल्या ज्यूच्या. माझ्या."

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. ही बाई, तिचं नाव ब्रुना, बेर्गामोकडच्या एका चर्चच्या ज्येष्ठ मंडळाची पुढारी होती, आणि पुढारी माणसं ओशाळत नाहीत. तिने आधी एल्विराच्या दंडाला हात लावून खात्री करून घेतली आणि मग आनंदाने ओरडली, "अत्तीलियो, ये ये! एक आहे!" अत्तीलियो, म्हणजे तिचा नवरा, हातातलं सँडविच सांभाळत आला. अंड्यांसकट एल्विराचा फोटो निघाला. मग ब्रुनाने तिला बाजूला घेतलं. मंडळाची दुसरी तुकडी ईस्टरसाठी पुढच्या आठवड्यात येणार होती. हा गाइड म्हणजे नुसतं पाठांतर. त्यापेक्षा इथल्याच कुणी वस्ती दाखवली तर? शुक्रवारी जमेल?

"शुक्रवारी कसं जमेल?" एल्विरा ताठ मानेने म्हणाली. "संध्याकाळी आमचा शब्बाथ लागतो. बुधवारी या. सकाळी दहाला."

आणि त्या गर्दीतून वाट काढत, मानाने, तीन जिने चढून ती वर गेली.

"बुधवारी?" लेल्लोने सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला. "पुढच्या बुधवारी?"

"हो. का?"

"काही नाही. त्या संध्याकाळी पेसाख सुरू होतो, एवढंच."

आता याला काय म्हणावं? ज्या सणासाठी बाईने तीन जिने अंडी वाहिली, तोच सण ती अंडी हातात असताना विसरली. साध्या दिवसाची चूक झाली असती तर चाललं असतं. पण पेसाखची आदली सकाळ! आठवडाभर घर खरवडून काढायचं, कपाटामागचा, कोटाच्या खिशातला, गादीच्या शिवणीतला पावाचा शेवटचा कण शोधायचा, तो त्या सकाळी जाळायचा, आणि मग आठ दिवस घरात खमिराचं नाव काढायचं नाही. शिवाय संध्याकाळी सेदेरचं जेवण, चौदा माणसं. ब्रुनाला फोन करून दिवस बदलून घेणं अगदी सोपं होतं. म्हणजे लेल्लोच्या मते. एल्विराच्या मते, नुकतंच जिच्यापुढे आपण सबंध जमातीच्या वतीने ताठ मानेने बोललो, तिला आपला स्वतःचा सण विसरल्याचं कळवण्यापेक्षा पर्यटकांना खांद्यावर बसवून फिरवणं सोपं होतं.

"शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली.

"अंडी म्हणजे अंडी," लेल्लो म्हणाला, "आणि त्यातली चार फुटलीत."

खरी अडचण मात्र अंड्यांची नव्हती, दिवसाचीही नव्हती. अडचण होती मधल्या गल्लीची.

वस्ती म्हणजे केवढी? एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला चौक, आणि दोन्हींच्या मधोमध एक रुंद गल्ली. वस्तीचं सगळं काही त्या गल्लीत. बेकरी तिथे, शाळा तिथे, जुने दगडी खांब तिथे, आणि दुपारी खुर्च्या टाकून बसणारे सगळे काका-माम्या तिथे. त्या गल्लीच्या ऐन मध्यावर पूर्वी एल्विराच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी वडील गेले, आणि धाकट्या बहिणीने, ग्राझियाने, त्या जागी खानावळ काढली. बेत कळला तेव्हा, दुखवट्याचा आठवडा संपायच्या आतच, एल्विरा म्हणाली, "बाबांच्या कापडावर तेल उडवणार तू." ग्राझिया म्हणाली, "तू त्या दुकानात उभी राहून एक हात कापड तरी विकलंस का कधी?" एवढंच झालं. मग दोघींचं बोलणं बंद.

तेव्हापासून एल्विराने त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. सिनेगॉगला प्रार्थनेला जायचं तर नदीवरून वळसा. भाजीला जायचं तरी नदीवरून वळसा. त्या वळशांनी तिची साखर आटोक्यात आली असं डॉक्टर म्हणाले, पण ते श्रेय कुणी ग्राझियाला दिलं नाही. कारण वस्तीत कुणी ग्राझियाचं नावच एल्विरापुढे काढत नसे. 'तिकडे' म्हणत. "तिकडे आज गर्दी आहे." "तिकडे नवीन तेल आलंय." मोसमातले पहिले आर्टिचोक, जाड पानांच्या कळ्यांची ती भाजी, तळले की 'तिकडून' एक पुडकं निघायचं आणि चौकातल्या बाकावरचा सेत्तीमियो ते एल्विराच्या दारात आणून ठेवायचा. "कुणीतरी दिलंय," असं तो म्हणायचा. एल्विरा म्हणायची, "अन्न टाकू नये म्हणून खाते." आणि शेवटचं कुरकुरीत पान बोटाने टिपून खायची. रात्री तिकडचं शटर खाली ओढल्याचा खडखडाट झाल्याशिवाय ती आपली खिडकी लावत नसे. हे लेल्लोला माहीत होतं. लेल्लो बोलत नसे.

आणि आई? आई, रोसेत्ताबाई, एकोणनव्वद वर्षांच्या, चौकामागच्या अंगणात तळमजल्यावरच्या खोलीत राहत. पेसाखचं सेदेर पहिल्या दोन रात्री असतं, ही सहा वर्षं वस्तीला फार सोयीची गोष्ट झाली होती. एक रात्र आई एल्विराकडे, दुसरी ग्राझियाकडे. पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी दुपारी लेल्लो आईला कारंज्यापर्यंत आणायचा, तिथे ग्राझियाचा नवरा तुल्लियो उभा असायचा, आणि दोन शत्रुराष्ट्रांनी कैद्यांची अदलाबदल करावी तसे दोघे जावई मान तुकवून, हवापाण्याचं एखादं वाक्य बोलून आई एकमेकांच्या ताब्यात देत.

पण या हिवाळ्यात आईचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, जिने एकदाच काय ते चढवा-उतरवा, रोज नाही. म्हणजे या वर्षी दोन्ही रात्री एकाच घरी. कुठल्या? ग्राझिया पहिल्या मजल्यावर राहते, एल्विरा तिसऱ्या. हिशेब कुणालाही येण्यासारखा होता. म्हणूनच कुणी तो मांडत नव्हतं, आणि आईला तर कुणी विचारतच नव्हतं. सणाला आठवडा उरला तरी आई आपली खिडकीशी बसून मटार सोलत होती, आणि एल्विराच्या टेबलावरची आईची खुर्ची मात्र रोज पुसली जात होती.

तेव्हा एल्विराच्या मनात हळूच एक बेत शिजला. वस्ती दाखवायचीच आहे, तर शेवट आईच्या खोलीत करायचा. आईला जुन्या गोष्टी सांगायला लावायच्या. पंचवीस पाहुणे टाळ्या वाजवतील, आई खुलेल, आणि त्या खुशीत म्हणेल, "चल गं एल्विरा, आज तुझ्याकडेच येते." मग काय, लेल्लो आणि सेत्तीमियो खुर्चीसकट वर नेतील. हा बेत तिने लेल्लोलाही सांगितला नाही. त्याच्या कमरेचा प्रश्न होता.

बातमी फुटायला एक दुपार पुरली. सल्ले देणाऱ्यांची रांग लागली.

सेत्तीमियोने चाळीस वर्षं दारोदार चादरी विकल्या होत्या, त्यामुळे माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं त्याला वाटे. तो म्हणाला, "पर्यटकाला दोनदा हसवायचं, एकदा रडवायचं आणि वेळेवर संडास दाखवायचा. इतिहास म्हणजे एवढंच."

अंगणात आईच्या वरच्या मजल्यावर राहणारी जेम्मा म्हणाली, "काय वाटेल ते कर, पण अंगणात कुणी काही खायचं नाही. मी फरशीच्या फटी काडीने कोरल्यात." आणि जाता जाता, "माझ्या पणजोबांना पोपांच्या घोड्याने लाथ मारली होती, ते सांगायला विसरू नकोस."

घोड्याच्या लाथा, हरवलेल्या अंगठ्या, थोरामोठ्यांना शिवून दिलेले कोट, असे प्रत्येकाचे पूर्वज एल्विराकडे जमा होऊ लागले. ज्यांचे पूर्वज घेतले नाहीत ते रुसले. ज्यांचे घेतले ते थोडक्यात घेतले म्हणून रुसले.

"पण नेणार कुठून कुठे?" सेत्तीमियोने एकदा विचारलं.

"सुरुवात नदीवर."

"बरं. मग?"

"मग मागच्या बोळातून सिनेगॉग."

"बरं. मग?"

"मग परत नदी."

सेत्तीमियो आपल्या बुटांकडे बघत राहिला. वस्तीचा फेरफटका आणि त्यात वस्तीची मुख्य गल्लीच नाही! जेम्मा घसा खाकरून म्हणाली, "या दिवसांत नदीला पाणी चांगलं असतं." सेत्तीमियो म्हणाला, "नदी काय, किती वेळा पाहिली तरी छानच." आणि दोघंही घाईघाईने हवेबद्दल बोलू लागले.

मग लेल्लोने परवान्याची शंका काढली. गाइडला परवाना लागतो म्हणे. एल्विरा सरकारी कचेरीत गेली. पहिल्या खिडकीने तिला तिसऱ्या खिडकीकडे धाडलं, तिसरीने पुन्हा पहिलीकडे, आणि शेवटी एका जिन्याखालच्या खोलीत एक दमलेला कारकून सापडला.

"परीक्षा द्यावी लागेल," तो म्हणाला.

"कधी असते?"

"जाहीर झाली की असते."

"मला बुधवारी माणसं फिरवायचीत."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "हे बघा सिन्योरा. तुम्ही पैसे घेणार?"

"छे!"

"मग तुम्ही गाइड नाही. तुम्ही नुसत्या चालणाऱ्या बाई."

"आणि मागचे पंचवीस जण?"

"तेही नुसते चालणारे. मात्र तुम्ही थांबून हात करून काही दाखवलंत, की झालात गाइड. आणि सगळे मिळून घोषणा दिल्यात, की झाला मोर्चा. त्याची परवानगी दुसऱ्या मजल्यावर."

"म्हणजे हात न करता दाखवायचं?"

"मानेने दाखवा," कारकून म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. "मानेला नियम नाही."

घरी येऊन एल्विराने आरशापुढे मानेने दाखवायचा सराव केला. लेल्लोला वाटलं, तिची मान धरलीय. त्याने गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

बुधवार उजाडला. स्वच्छ ऊन पडलं होतं. एल्विरा पहाटेपासून उठून सूप चढवून, मासे मुरत घालून, ठेवणीतला निळा पोशाख घालून दहाच्या ठोक्याला नदीवरच्या झाडाखाली हजर झाली. हातात छत्री. ब्रुनाने पंचवीसऐवजी एकतीस जण आणले होते. सगळ्यांच्या गळ्यात एकसारखे पिवळे रुमाल आणि सगळ्यांच्या पिशव्यांत हॉटेलने बांधून दिलेला डबा.

"नमस्कार," एल्विरा म्हणाली. "मी गाइड नाही. मी चालणार आहे. तुम्हीही चाला."

आणि खरं सांगायचं तर, सुरुवात झकास झाली. तिने पाठ केलेल्या सनावळ्या पहिल्याच वळणावर सांडल्या, आणि त्यांच्या जागी तिला माणसं आठवू लागली. या खिडकीत बसून सदऱ्याला बटणं लावणारी मावशी, त्या दारातून लग्नाच्या दिवशी पळालेला आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून परत आलेला नवरदेव. मंडळी हसली. एकदा झालं. मागच्या बोळात एका उंबऱ्यासमोर फरशीत पितळेच्या चार लहान चकत्या बसवल्या होत्या, चार नावं, एकाच घरातली, आणि नाझींनी एकाच दिवशी नेलेली. तिथे एल्विराने काय काय ठरवून ठेवलं होतं. पण ती थांबली आणि म्हणाली, "ही पहिली, एस्तेरिना. माझी आई सांगते, ती रोज मीठ उसनं न्यायची आणि कधी परत करायची नाही. आई तेव्हा लहान होती. आजही मीठ सांडलं की आई म्हणते, एस्तेरिनाच्या खात्यात टाका." अत्तीलियोने खाली वाकून बोटाने त्या चकतीवरची धूळ पुसली.

मग परत नदी.

"ही आपण मघाशी पाहिली," मागून कुणीतरी म्हणालं.

"मघाशी वरच्या अंगाने पाहिली," एल्विरा म्हणाली. "आता खालच्या अंगाने."

सिनेगॉगच्या मागच्या भिंतीवरून पुढे सरळ गेलं की मधली गल्ली लागते. सगळे पिवळे रुमाल आपोआप तिकडे वळले, कारण तिकडे माणसं होती, आवाज होते, खुर्च्या होत्या. "इकडे, इकडे!" म्हणून एल्विराने त्यांना डावीकडे हाकललं. डावीकडे अर्थातच नदी होती.

तिसऱ्या नदीच्या वेळी पोलीस आला. वाहतुकीच्या शिट्टीवाला, तरुण, इस्त्रीचा.

"सिन्योरा, आपण गाइड आहात?"

"नाही. मी चालते आहे."

"आणि हे?"

"तेही चालताहेत."

"सगळे एकाच दिशेने?"

"वस्ती लहान आहे. दिशा फार नाहीत."

"आणि छत्री? गाइड लोक छत्री घेऊन चालतात."

"उन्हासाठी आहे," एल्विरा म्हणाली, आणि बंद छत्री तिने झटकन उघडली. एप्रिलच्या कोवळ्या उन्हात भलीमोठी काळी छत्री. आता ती मिटायची सोय राहिली नाही.

ब्रुनाला राहवलं नाही. "आम्ही नातेवाईक आहोत यांचे!"

पोलिसाने एकतीस पिवळे रुमाल बघितले. "सगळे?"

"जवळचे," ब्रुना म्हणाली.

पोलिसाला बहुधा स्वतःचे नातेवाईक आठवले असावेत. तो सहानुभूतीने म्हणाला, "सणाच्या दिवशी!" आणि बाजूला झाला. वर चांगुलपणाने त्याने सांगून टाकलं, "पण सिन्योरा, यांना मधल्या गल्लीतून का नेत नाही? सगळं तर तिकडेच आहे."

एल्विराने मानेने काहीतरी दाखवलं. काय ते तिलाही कळलं नाही.

आता एकच उरलं होतं, आईची खोली. मागच्या कमानीतून गेलं की मधली गल्ली टाळून अंगणात शिरता येतं. कमानीतून एकतीस जण आणि एक उघडी छत्री कशी गेली ते विचारू नका. अंगणात जेम्माने पत्र्याच्या डब्यात जाळ केला होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरातले शेवटचे तुकडे त्यात जळत होते, धूर वर चढत होता. देखावा गंभीर होता. मंडळी टोप्या काढून गप्प उभी राहिली. आणि त्या शांततेत, तीन नद्या बघून भुकेने व्याकूळ झालेल्या अत्तीलियोने पिशवीतून डबा काढला, डब्यातून सँडविच काढलं, आणि मोठा घास घेतला.

पावाची साल चांगली भाजलेली असली पाहिजे. तिचा आवाज चार मजले ऐकू गेला.

"कण!" जेम्मा किंचाळली. चारी मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. "पडले! फटीत पडले!" वरून बायका ओरडू लागल्या, "हलू नका! त्याला हलू देऊ नका!" कबुतरं आली. त्यांना हाकलायला दोन बायका चादरी घेऊन धावल्या. जेम्माने घरातून वर्तमानपत्र आणून अत्तीलियोच्या पायाखाली सरकवलं, आणि तो गृहस्थ तोंडात घास तसाच धरून, चघळावा की गिळावा ते न कळून, पुतळ्यासारखा कागदावर उभा राहिला.

"गिळा!" जेम्मा म्हणाली. त्याने गिळलं. "आता उरलेलं द्या!"

तिने सँडविच चिमट्यात धरलं आणि जाळात टाकलं. आत तळलेलं मांस होतं. जाळ चांगला भडकला. ब्रुनाच्या मंडळींना वाटलं, हा विधीचाच भाग आहे. त्यांनी फोटो काढले. एका आजीबाईंनी तर क्रूसाची खूण केली. मग सगळ्यांनी रांगेने पुढे येऊन, फार भाविकपणे, आपापले डबे जाळात रिकामे केले.

"बघ," सेत्तीमियो वरच्या खिडकीतून म्हणाला. तो जेम्माकडे धूर बघायला आला होता. "आता संडास दाखव."

एल्विराने तिकडे लक्ष दिलं नाही. ती आईच्या दाराशी गेली होती. खोली रिकामी होती. खिडकीशी मटारच्या सालींची टोपली तेवढी होती.

"आई कुठेय?"

जेम्मा केरसुणी टेकून उभी राहिली. "अगं, धूर झाला ना. खोकली बिचारी. मग चाकाच्या खुर्चीवरून तिला... म्हणजे तुल्लियो आला आणि..."

"कुठे नेलं?"

"तिकडे."

"तिकडे?"

"तिकडे," जेम्मा म्हणाली, आणि फरशीच्या फटीकडे बघू लागली.

एल्विरा त्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर उघडी छत्री धरून उभी राहिली. झालं. आई तिकडे गेली. आज रात्री आईची पुसून पुसून चकचकीत केलेली खुर्ची तिसऱ्या मजल्यावर नुसतीच राहणार होती. आणि मग वाऱ्याची दिशा बदलली, अंगणातला धूर हटला, आणि समोरच्या कमानीतून एक वास आला. कोवळे आर्टिचोक, ताज्या तेलात दोनदा तळलेले, फुलासारखे उमललेले, मीठ पेरलेले. एकतीस उपाशी माणसं, ज्यांचे डबे नुकतेच भक्तिभावाने जळून गेले होते. पहिला अत्तीलियो निघाला. त्याच्यामागे सगळे पिवळे रुमाल, हात न करता, मानेनेच एकमेकांना वाट दाखवत, सरळ मधल्या गल्लीत.

"थांबा!" एल्विरा म्हणाली. कोण थांबतंय?

ती मागोमाग गेली ती कमानीच्या तोंडाशी येऊन थांबली. पुढे गल्लीची फरशी सुरू होत होती. सहा वर्षं तिने ती बघितली नव्हती. खानावळीवर बाबांच्या दुकानाची जुनी हिरवी पाटी तशीच होती, 'सुती व लिनन'. खाली आर्टिचोक. एल्विराला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाटीखाली, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर रुमाल पसरून आई बसली होती आणि एकेक पान सावकाश खात होती. लेल्लोही तिथेच होता. तो म्हणाला, "मी तुला शोधत आलो." त्याच्या मिशीला तेल लागलं होतं.

"पाव मिळेल का थोडा?" अत्तीलियोने बसता बसता विचारलं.

"नाही!" सबंध गल्ली एका आवाजात म्हणाली.

मग ब्रुनाचं लक्ष कमानीकडे गेलं. "एल्विरा! तिथे काय उभ्या? या ना! केवढं सुंदर आहे हे, आणि तुम्ही आम्हाला पाणी दाखवत बसलात!"

खुर्च्यांवरचे काका, बेकरीच्या दारातल्या बायका, धावत खाली आलेला सेत्तीमियो, सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. आतून ग्राझिया बाहेर आली, हातात झारा. एप्रनवर तेलाचे डाग. केस पिकले होते तिचे. हेही एल्विराला कुणी सांगितलं नव्हतं.

"लेल्लो," ग्राझिया म्हणाली, "तिला सांग, छत्री मिट. घरात आल्यासारखं यावं माणसाने."

"लेल्लो," एल्विरा म्हणाली, "तिला सांग, मी माझी माणसं न्यायला आले आहे."

"लेल्लो, तिला सांग, तिची माणसं जेवताहेत."

"लेल्लो, तिला सांग, तेल बदललं असेल तर जेवू देत."

"सकाळीच बदललंय म्हणून सांग! सगळं नवं आहे, भांड्यांसकट!"

लेल्लोने कपाळाला हात लावला. "बायांनो, तुमच्यात चार हातांचं अंतर आहे."

"पण या एकमेकींशी का..." ब्रुनाने तोंड उघडलं. सेत्तीमियोने घाईने तिला सांगितलं की या दिवसांत नदीला पाणी चांगलं असतं.

अत्तीलियो सज्जन माणूस. वातावरण सैल करावं म्हणून तो आईकडे वळला. "सिन्योरा, मला एक सांगा. या वस्तीत सगळ्यात जुनं काय आहे?"

आईने रुमालाने ओठ टिपले.

"सगळ्यात जुनी मी," ती म्हणाली. "आणि माझ्याखालोखाल या दोघींचं भांडण."

कुणीतरी 'अगं बाई' म्हटलं. बेकरीच्या दारातली एक बाई आत पळाली आणि लगेच परत बाहेर आली, कारण ऐकायचंही होतं.

"आई, तू दमली आहेस," एल्विरा म्हणाली.

"आई, तुला ऊन लागतंय," ग्राझिया म्हणाली.

"दमले आहे. तुमच्यापायी दमले आहे. सहा वर्षं मला कढईसारखी इकडून तिकडे नेताय. एकीला वाटतं, आई आली म्हणजे मी जिंकले. दुसरीला वाटतं, दुसऱ्या रात्री मी जिंकले. मी मेली कधी जिंकायची? कुणी विचारलं मला, मला कुणाकडे जेवायचंय?"

"कुणाकडे?" दोघींनी एकदम विचारलं. एकाच श्वासात, एकाच सुरात, लहानपणी खिडकीतून आईला हाक मारायच्या तशा. आणि दोघीही दचकल्या.

"कुणाकडेच नाही. माझा गुडघा चढत नाही, आणि आता मनही चढत नाही. टेबल इथे गल्लीत मांडा, नाहीतर माझ्या खोलीत. पण एकच टेबल." आईने श्वास घेतला. तिने पहिल्यांदा एल्विराकडे बघितलं, मग ग्राझियाकडे, आणि मग सगळ्या गल्लीकडे, बूट न्याहाळणाऱ्या एकेकाकडे. "हे सगळे घाबरट आहेत. यांना सगळ्यांना माहीत आहे, आणि सहा वर्षांत एकाने तोंड उघडलं नाही. तेव्हा मीच सांगते, ऐका. तुम्हा दोघींना एकमेकींवाचून करमत नाही."